टिळक नगर ते अंधेरी ‘पंधरा मिनिटांत’? एससीएलआरबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न असा: टिळक नगरला फ्लॅट पाहिलाय, ऑफिस अंधेरी पूर्वेला आहे, आणि ब्रोकर म्हणतो की सांताक्रूझ–चेंबूर लिंक रोडने (एससीएलआर) पंधरा मिनिटांत पोचाल. टोकन द्यावं का?

ब्रोकर अगदीच थापा मारत नाहीये. तो रविवारी सकाळी सातचं सांगतोय. तुम्हाला सोमवारी सकाळी नऊला जायचंय.

आधी हा रस्ता इतका महत्त्वाचा का, ते बघा. मुंबईत सगळं उभं धावतं: दोन्ही द्रुतगती महामार्ग, मध्य आणि पश्चिम रेल्वे, लाल बहादूर शास्त्री (एलबीएस) मार्ग. आडवं जायचं म्हटलं की पंचाईत. त्यात कलिन्याच्या उत्तरेला विमानतळ आडवा पडलाय, त्यामुळे कुर्ला–कलिन्याचा सीएसटी रोड सोडला की पुढचा आडवा रस्ता थेट अंधेरी–कुर्ला रोड. दक्षिणेला मिठी नदी, वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) आणि धारावी. या दोन्हींच्या मधल्या पट्टीतून एससीएलआर जातो. लांबी जेमतेम 6.45 किमी, पण पूर्व द्रुतगती मार्ग आणि पश्चिम द्रुतगती मार्ग जोडण्यासाठी इथे दुसरी जागाच नव्हती. तो नव्हता तेव्हा चेंबूरकर एकतर सायनला वळसा घालून कलानगरला निघायचा, नाहीतर कुर्ल्याच्या गर्दीत घुसायचा.

जागा नव्हती म्हणजे रिकामी नव्हती. घरं आणि दुकानं होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण या रस्त्याला उशीर झाला की लोक फक्त कंत्राटदाराला शिव्या देतात. काम 2003 मध्ये सुरू झालं, पैसा जागतिक बँकेच्या कर्जातून येणार होता. कुर्ल्यातल्या दुकानदारांच्या आणि रहिवाशांच्या संघटनांनी 2004 मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडेच तक्रार नेली. बदल्यात मिळणाऱ्या 225 चौरस फुटांच्या ठरावीक मापात मोठा गाळा कसा बसवायचा आणि धंदा मानखुर्दसारख्या ठिकाणी नेला तर गिऱ्हाईक कुठून आणायचं, हे त्यांचे प्रश्न. प्रश्न रास्तच होते. मार्च 2006 मध्ये बँकेने पैसे रोखले, पुनर्वसनाची घडी नीट बसवण्याच्या अटीवर काही महिन्यांनी पुन्हा सोडले. त्यात भर रेल्वेची. चालू रुळांवर गर्डर चढवायचे तर ब्लॉक हवा आणि कुर्ल्यासारख्या ठिकाणी ब्लॉक म्हणजे लाखो लोकांचा खोळंबा. शेवटी एप्रिल 2014 मध्ये रस्ता खुला झाला. 115 कोटींचा अंदाज साडेचारशे कोटींच्या आसपास गेला होता. देशातला पहिला दुमजली उड्डाणपूल म्हणून फोटो मात्र खूप निघाले.

आता तुमच्या कामाचं. 2014 चा रस्ता पूर्वेकडे झकास होता, पश्चिमेकडे अर्धवट. चेंबूरच्या टोकाला अमर महलहून पुलावरून सुसाट यायचं आणि कुर्ल्यात उतरून सीएसटी रोडच्या सिग्नलांत अडकायचं. त्याहून मोठी अडचण वाकोल्याला, म्हणजे पश्चिम द्रुतगती मार्गाला मिळताना होती. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे हायवेवर उत्तरेकडे जाणारी मार्गिका पश्चिमेच्या बाजूला. पूर्वेकडून येऊन अंधेरीकडे वळायचं तर दक्षिणेकडे जाणारी सगळी वाहतूक ओलांडून उजवं वळण घ्यावं लागतं. रोजचा अर्धा वेळ तिथेच जायचा. संध्याकाळी परतताना हा त्रास नाही, कारण दक्षिणेकडे येताना डावीकडेच वळायचं असतं.

त्या उजव्या वळणावरचा इलाज म्हणजे एससीएलआरच्या पुढच्या विस्तारातला केबल-स्टेड (तारांनी तोललेला) पूल. वाकोला उड्डाणपुलाच्याही वरून, जवळजवळ काटकोनात वळत तो गाड्या उत्तरेच्या मार्गिकेवर नेऊन सोडतो. ऑगस्ट 2025 मध्ये तो सुरू झाला. त्यामुळे अमर महल ते पश्चिम द्रुतगती मार्ग हा टप्पा आता बहुतेक सिग्नलशिवाय होतो आणि ब्रोकरचं गणित इथूनच आलंय. पण पूल संपतो तिथे तुमचा प्रवास संपत नाही. पुढे विमानतळावरून अंधेरीपर्यंतचा हायवे तोच आहे आणि त्याची रुंदी काही कोणी वाढवलेली नाही. आणि अलीकडच्या टोकाला, अमर महल, छेडा नगरला ठाणे, मानखुर्द आणि पूर्व मुक्त मार्गाची (फ्रीवे) वाहतूक एकत्र येते. मधला तुकडा कितीही गुळगुळीत झाला, तरी घड्याळ या दोन टोकांवरच पळतं. त्यात ऑगस्ट 2024 पासून सायनचा रेल्वेवरचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि तिथल्या बऱ्याच गाड्या याच बाजूला सरकल्या.

पावसाळ्याचं वेगळं. वरून पूल कोरडा असतो, खाली कुर्ल्याचा एलबीएस आणि कलिन्याकडचा सीएसटी रोड तुंबतो. मिठी शेजारीच आहे. अशा दिवशी मध्येच खाली उतरायच्या भानगडीत पडू नका.

माझं मत विचाराल तर टोकन देण्याआधी जुलैत, कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला स्वतः गाडी घेऊन जा. टिळक नगरच्या सोसायटीच्या गेटपासून ऑफिसच्या पार्किंगपर्यंतचा वेळ मोजा, नुसता पुलाचा नको. ऑफिस बीकेसीत असतं तर मी डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

आणि एक पर्याय, जो ब्रोकर सांगणार नाही कारण त्यात फ्लॅटची किंमत वाढत नाही. घाटकोपरपर्यंत रिक्षा आणि तिथून मेट्रो 1. ती 2014 पासून चालू आहे, वर्सोव्यापर्यंतचं पूर्ण अंतर वीसेक मिनिटांत कापते, तुम्हाला तर अंधेरीच्या अलीकडेच उतरायचंय. चकाला किंवा पश्चिम द्रुतगती मार्ग स्टेशनपासून ऑफिस चालत असेल, तर गाडी शनिवार-रविवारपुरती ठेवा. ऑफिस सीप्झच्या बाजूला असेल तर मरोळ नाका बघा. नेमकं कुठे आहे ते लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.