जुना सर्व्हर चालू होतोय, फॅन फिरतायत, पण स्क्रीनवर काहीच नाही. काय करू?

तुमचा प्रश्न वाचून आधी एकच विचारावंसं वाटलं, कालपासून ते पॉवरचं बटण किती वेळा दाबलंत? म्हणजे दहा-अकरा वर्षांचा टॉवर सर्व्हर, रात्री लाइट गेली, यूपीएस पण उतरला, सकाळी चालू केला तर फॅन फिरतायत, पुढचा दिवा हिरवा, आणि मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवून झोपी जातोय, आत अकाउंटचा सगळा डेटा, हे सगळं तुम्ही लिहिलंयत. हात शिवशिवतात अशा वेळी, मला माहितीये, पण आता थोडा वेळ ते बटण सोडा.

कारण स्क्रीन काळी आहे याचा अर्थ सर्व्हर मेलाय असा होत नाही. सर्व्हरला स्वतःला स्क्रीन लागतच नाही, कितीतरी सर्व्हर वर्षानुवर्षं मॉनिटरशिवाय कोपऱ्यात गुपचूप काम करत पडलेले असतात. त्यामुळे झाकण उघडायच्या आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर जा आणि सर्व्हरच्या आयपीला (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) पिंग मारून बघा, म्हणजे तो उत्तर देतोय का ते कळेल, शेअर फोल्डर उघडतंय का बघा, रिमोट डेस्कटॉप लागतोय का बघा. आणि हे चालू केल्या केल्या नाही, पंधरा मिनिटं थांबून. जुन्या सर्व्हरला बूट व्हायला घाई नसते, रॅम तपासतो, मग रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडून सांभाळणारं कार्ड) उठतं, मग डिस्क मोजतो, भरपूर रॅम असेल तर पहिलं अक्षर स्क्रीनवर यायलाच दोन-तीन मिनिटं जातात, आणि तोपर्यंत मॉनिटर कंटाळून झोपलेला असतो. लोक नेमकं तेवढ्यात "काही येत नाही" म्हणून बटण दाबतात आणि बिचाऱ्याला परत पहिल्यापासून सुरुवात करायला लावतात.

पिंग लागला, फोल्डर उघडलं, तर आज बाकी काहीच करू नका, फक्त अकाउंटचा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. आधी कॉपी, मग डिस्प्लेचं बघू. रीस्टार्ट सगळ्यात शेवटी. वर्षानुवर्षं न थांबता फिरलेल्या डिस्क एकदा थांबून गार झाल्या की परत फिरतीलच याची खात्री नसते, आणि रेड ५ (डिस्क एकत्र जोडायची एक पद्धत) मध्ये एक डिस्क गेली तर निभावतं, दोन गेल्या तर संपलं. काल एकदा थांबून परत सुरू झाल्या असतील तर नशीब समजा, त्या नशिबाची परीक्षा रोज नको.

आता डिस्प्ले. इथे मी स्वतः खाल्लेला मार सांगतो. एका ऑफिसात असाच सर्व्हर होता, मी शहाणपणा करून सगळा खोलला, रॅम काढल्या, कार्डं काढली, चार तास गेले. शेवटी कळलं की कुणीतरी पुढच्या बाजूच्या व्हीजीए पोर्टला (मॉनिटर लावायची जुन्या पद्धतीची जागा) एक केबल लावून तशीच लोंबकळत सोडली होती. काही सर्व्हरना पुढे एक आणि मागे एक असे दोन व्हीजीए असतात, आणि पुढच्याला काही लावलं की मागचा आपोआप बंद होतो. केबल उपटली, स्क्रीन आली. त्या दिवशी मी कुणालाच काही सांगितलं नाही.

तर केबलपासून सुरू करा. व्हीजीएचा प्लग काढून उजेडात धरा आणि पिना बघा, एखादी वाकून आडवी झालेली असते. मधल्या रांगेतली एक पिन, नऊ नंबरची, बऱ्याच केबलना मुळातच नसते, त्यावरून घाबरू नका. मॉनिटरचा इनपुट व्हीजीएवर हाताने सेट करा, ऑटोवर भरवसा नको. मधे केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड अनेक मशीनना वापरू देणारा डबा) असेल तर तो काढून मॉनिटर सरळ सर्व्हरला लावा. आणि नवीन मॉनिटर एचडीएमआयवाला असेल आणि तुम्ही एखादी साधी व्हीजीए टू एचडीएमआय केबल लावली असेल, तर त्यातून काही येणारच नाही, व्हीजीए अॅनालॉग आहे, त्याला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसती तार चालत नाही. कुठूनतरी जुना चौकोनी मॉनिटर मिळाला तर सोन्याहून पिवळं. अजून एक, मॉनिटर 'नो सिग्नल'ऐवजी 'आउट ऑफ रेंज' म्हणत असेल तर आनंद माना, म्हणजे सिग्नल येतोय, फक्त रिझोल्यूशन त्या मॉनिटरला झेपत नाहीये. मधे कुणी वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर तेही बघा, कार्ड लावलं की बोर्डवरचा व्हीजीए बरेचदा बंद होतो, मग केबल कार्डाला लावायची.

आता जरा मजेशीर भाग. सर्व्हरच्या बोर्डवर एक छोटा वेगळा कॉम्प्युटर असतो, बीएमसी म्हणतात त्याला, डेलमध्ये आयड्रॅक, एचपीमध्ये आयएलओ. सर्व्हर बंद असला तरी वायर लावलेली असेपर्यंत तो जागा असतो. त्याचं नेटवर्क पोर्ट बहुतेक वेळा मागे वेगळं असतं, तिथे केबल लावून ब्राउझरमध्ये त्याचा आयपी उघडला की आतला इव्हेंट लॉग दिसतो, कुठल्या स्लॉटची रॅम रुसलीये, कुठला पॉवर सप्लाय गेलाय, अगदी तारीख-वेळेसकट. लायसन्स नसेल तर पूर्ण स्क्रीन नाही दिसणार पण लॉग दिसतो, आणि आपल्याला लॉगच हवाय. आयएलओचा पासवर्ड बऱ्याचदा सर्व्हरला लटकवलेल्या किंवा चिकटवलेल्या टॅगवर छापलेला असतो. एकच कटकट, इतकं जुनं पान नवीन ब्राउझर उघडायला नकार देतात, एखादा जुना लॅपटॉप शोधून ठेवा.

आणि ही गोष्ट मला फार उशिरा कळली, की बऱ्याच सर्व्हरमध्ये व्हीजीएचं चित्र काढणारी चिपसुद्धा हीच बीएमसी असते. म्हणजे बीएमसी अडकली की सर्व्हर आतून ठणठणीत असूनही स्क्रीन काळी. फॅन सुरुवातीला जोरात फिरतात ते नॉर्मल आहे, पण ते पाच मिनिटं झाली तरी खाली यायचं नाव घेत नसतील तर माझा पहिला संशय बीएमसीवर. लाइट जाऊन झटका बसल्यावर हे होतं. आणि बटणाने बंद-चालू करून ती सुटत नाही, कारण वायर लावलेली असेपर्यंत तिला करंट मिळतच राहतो. सर्व्हर बंद करा, मागच्या पॉवर केबल काढा, दोन सप्लाय असतील तर दोन्ही, मग पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, आत साठलेला करंट निघून जाऊ दे, आणि पाच-दहा मिनिटं तसाच सोडून चहा घ्या. परत केबल लावल्यावर लगेच बटण दाबू नका, दोन मिनिटं द्या बीएमसीला उठायला. माझ्या अनुभवात निम्म्या केसेस इथेच सुटल्या.

नाही सुटलं तर झाकण. केबल काढलेल्याच ठेवा, लोखंडी बॉडीला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा. आधी मदरबोर्डवरचा तो गोल सेल बघा, सीआर२०३२. लाइट गेल्यावरच प्रॉब्लेम का आला याचं उत्तर बरेचदा या सेलमध्ये असतं. सर्व्हरला वायर लावलेली असते तोवर बायोसची (मशीन चालू होतानाच्या प्रोग्रामची) सेटिंग्ज स्टँडबाय करंटवर टिकतात, सेल आतल्या आत मेलाय हे वर्षानुवर्षं कुणाला कळतच नाही, आणि ज्या रात्री यूपीएस संपतो त्या रात्री सगळी सेटिंग्ज उडतात. मल्टिमीटर लावा, ३ व्होल्टच्या आसपास पाहिजे, २.७ च्या खाली असेल तर बिनधास्त बदला. पण सेटिंग्ज डिफॉल्टला गेली असतील तर दोन भानगडी लक्षात ठेवा. एक, रेड जर वेगळ्या कार्डाऐवजी बोर्डवरच्याच साटाने (डिस्क जोडायच्या पोर्टनी) केलेला असेल तर बायोसमध्ये साटाचा मोड रेडवरून एएचसीआयवर (सुट्या डिस्कचा साधा मोड) गेला असू शकतो, तो परत रेडवर करेपर्यंत विंडोज चालू होऊ देऊ नका. दोन, तारीख मागे गेली असेल तर डोमेनला (ऑफिसच्या सामाईक लॉगिनला) कुणाचं लॉगिन होणार नाही, तिथे घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि मग लोक म्हणतात नवीनच काहीतरी बिघडलं.

मग रॅम. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली कुठे होती ते नंतर आठवत नाही. दोन्ही बाजूंच्या क्लिप बाहेर दाबल्या की रॅम थोडी वर उचलली जाते, कडेला धरून सरळ वर ओढायची, सोनेरी पट्टीला बोट लावायचं नाही. त्या पट्टीवर काळपट झाक दिसेल, साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच एकाच दिशेने पुसा, चुरा ब्रशने झटका, स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आता एकच रॅम, पहिल्या प्रोसेसरच्या पहिल्या स्लॉटमध्ये (झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक नकाशा छापलेला असतो), दोन्ही क्लिप टक् करून बसेपर्यंत दाबा, एक जरी अर्धवट राहिली तरी स्क्रीन येणार नाही. त्या रॅमने आलं नाही तर तिच्या जागी दुसरी, मग तिसरी. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही. आणि कपाटातली डेस्कटॉपची रॅम लावून बघू नका, सर्व्हरला बरेचदा रजिस्टर्ड ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी, सर्व्हरची खास) रॅम लागते, तसा सर्व्हर साध्या रॅमवर उठणारच नाही आणि तुम्ही उगाच बोर्ड गेला म्हणून रडत बसाल.

हे करताना बाकीची कार्डंही काढा, रेड कार्डसुद्धा, एखादं अडकलेलं कार्ड सगळा बूट धरून ठेवतं. पण रेड कार्ड जागेवर ठेवून डिस्क काढल्या आणि चालू केलं, असं करू नका, कार्डाला वाटतं डिस्क मेल्या. कार्ड काढायचं, डिस्कवर स्केचपेनने नंबर टाकायचे, आणि परत जोडताना क्रम तोच. परत लावल्यावर 'फॉरेन कॉन्फिगरेशन' (म्हणजे डिस्कवरची रेडची मांडणी कार्डाला अनोळखी वाटतेय) असं काही आलं तर इम्पोर्ट, क्लिअर नाही. इनिशियलाइज तर अजिबात नाही. गोंधळलात तर काहीच न दाबता बंद करून विचारा.

बोर्डवरचे कपॅसिटर (ते छोटे उभे गोल डबे) वर फुगलेत का, तपकिरी काही गळलंय का तेही बघून घ्या. तसं दिसलं तर पुढे घरी खटपट नको, डिस्क आणि रेड कार्ड सांभाळून काढून ठेवा, त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड शोधायचा.

मॉडेल नंबर तुम्ही लिहिलाच नाहीये, तो टाका. आणि चालू करताना किती बीप वाजतात, पुढचा दिवा हिरवाच राहतो की नंतर पिवळा होतो, कीबोर्डचं नम लॉक दाबल्यावर त्याचा लाइट लागतो-विझतो का, एवढं बघून खाली लिहा. नम लॉक हलत असेल तर मशीन जिवंत आहे, मग परत पिंगपासून सुरू करा.