मिथाइल ऑरेंज बोटांना लागलं तर घाबरायचं का?

टायट्रेशन करताना, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण घालून आम्ल किती आहे ते मोजताना, मिथाइल ऑरेंज या आम्ल ओळखणाऱ्या रंगाची बाटली कलंडली, बोटं केशरी झाली, आणि शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं की ॲझो रंगांनी (मिथाइल ऑरेंज त्याच कुळातला) कॅन्सर होतो. हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय.

साबणानं हात धुवा आणि निवांत झोपा. पण शेजारचा अगदीच थापा मारत नव्हता.

आधी डागाबद्दल, कारण तो लगेच का जात नाही यातच या रंगाची अर्धी ओळख आहे. रेणूच्या एका टोकाला सल्फोनेट गट असतो, त्यावर ऋण प्रभार. त्वचा आणि नखं म्हणजे प्रथिनं, आणि प्रथिनांवर धन प्रभाराच्या जागा असतातच. रंग तिथे जाऊन चिकटतो. लोकर आणि रेशीम याच तत्त्वावर रंगवतात. रंगांच्या यादीत याचं नाव ॲसिड ऑरेंज ५२ असं आहे, पण कापडासाठी हा रंग कुचकामी. आंबट काही सांडलं की केशरी कापडावर लाल ठिपका! हाच अवगुण प्रयोगशाळेत त्याच्या पथ्यावर पडला.

पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. पीएच ४.४ च्या वर तो पिवळा, ३.१ च्या खाली लाल, मध्ये केशरी. दोन बेंझीन कड्यांना जोडणारा नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध म्हणजे ॲझो गट. आम्लात या गटातल्या एका नायट्रोजनला प्रोटॉन येऊन चिकटतो, मग दुसऱ्या टोकाचा डायमिथाइलअमिनो गट आपले इलेक्ट्रॉन कड्यातून त्याच्याकडे ढकलतो आणि बंधांची सगळी मांडणी बदलते. आधी साधारण ४६४ नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषणारा रेणू आता ५०७ च्या आसपासचा शोषू लागतो. आपल्याला दिसतं ते एवढंच की एका थेंबात फ्लास्क पिवळ्याचा केशरी झाला.

हा रंग मी स्वतः बनवलाय. सल्फानिलिक आम्ल आम्लात विरघळायला तयार नसतं, म्हणून ते आधी सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात विरघळवायचं, सोडियम नायट्राइट घालायचं, आणि बर्फावर ठेवलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात हळूहळू ओतायचं. तापमान ५ अंशांच्या खाली हवं. डायझोनियम क्षाराचा, म्हणजे रंग बनण्याआधीच्या अस्थिर टप्प्याचा, पांढरा बारीक साका दिसतो. तो गाळून वाळवायचा मोह अजिबात नको. कोरडा डायझोनियम क्षार स्फोटक असतो, या सगळ्या प्रकरणातला तातडीचा धोका हाच. माझा बर्फ एकदा संपत आला तेव्हा साका राहिला बाजूला, नायट्रोजनचे बुडबुडे सुटायला लागले आणि सगळं पुन्हा करावं लागलं. नीट जमलं तर डायमिथाइलॲनिलीन घातल्याबरोबर बीकर लालभडक होतो, आणि कॉस्टिक सोडा घातला की केशरी.

आता कॅन्सर. मिथाइल ऑरेंजचा सल्फोनेट गट काढून टाका, उरेल तो रेणू बटर यलो. नावाप्रमाणे तो लोण्यात आणि मार्गारीनमध्ये घालत असत. १९३० च्या दशकात जपानी संशोधकांनी तो उंदरांना खाऊ घातला आणि त्यांच्या यकृतात गाठी झाल्या. सांगाडा तोच, फरक एका गटाचा. बटर यलो तेला-तुपात विरघळतो आणि शरीरात मुरतो. मिथाइल ऑरेंज पाण्यात विरघळणारा, प्रभार असलेला. असे रेणू शरीर सहसा फारसे शोषून घेत नाही. म्हणून ‘ॲझो म्हणजे कॅन्सर’ हे वाक्य मला आळशीपणाचं वाटतं. विचारायचं ते हे की ॲझो बंध तुटल्यावर तुकडे कोणते पडतात. आतड्यातले जीवाणू तो बंध तोडू शकतात. बेंझिडिनपासून बनवलेल्या रंगातून बेंझिडिन सुटलं तर मूत्राशयाच्या कॅन्सरची भीती खरी. उलट १९३५ मध्ये जाहीर झालेलं प्रॉन्टोसिल हाही ॲझो रंगच, आणि शरीरात तुटून त्यातून सल्फानिलमाइड हे औषध सुटायचं! मिथाइल ऑरेंज तुटला तर एक तुकडा सल्फानिलिक आम्लाचा, दुसरा डायमिथाइल-पॅरा-फेनिलीनडायअमाइनचा. दुसरा विषारी आहे, पण तुमच्या बोटावर तो कुणी तयार करत नाहीये.

भुकटीच्या बाटलीवर कवटीचं चिन्ह असतं ते गिळल्यावर होणाऱ्या विषबाधेसाठी. उंदरांमध्ये तोंडावाटे निम्म्यांना मारणारी मात्रा किलोमागे ६० मिलिग्रॅम अशी दिलेली असते, म्हणजे हे विष ऐरंगैरं नाही. पण तुमचं द्रावण बहुधा ०.१ टक्क्याचं, आणि एका थेंबात जेमतेम ०.०५ मिलिग्रॅम रंग. भुकटी तोलताना मात्र मास्क आणि हातमोजे घालाच. ती उडते, आणि ओल्या टेबलावर पडलेला प्रत्येक कण आठवडाभर हजेरी लावतो.

उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, ॲझो रंग पाण्यात सहजी विघटित होत नाहीत. टाकाऊ रसायनांच्या बाटलीत टाका. आणि डाग काढायला बोटांना ब्लीच चोळू नका. रंग जाईल कदाचित, पण कातडीचं नुकसान मिथाइल ऑरेंजनं केलं असतं त्यापेक्षा जास्त होईल.