बायबलमधली पुस्तकं नायसियाच्या परिषदेत ठरली का?

नाही, इ.स. ३२५मध्ये नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या (ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या) परिषदेने बायबलची पुस्तकं ठरवली नाहीत. तिथला मुख्य वाद आरियस या धर्मगुरूच्या मताचा होता: पुत्र (येशू) हा पित्याने (देवाने) निर्माण केलेला, की पित्याच्याच तत्त्वाचा? म्हणून विश्वासांगीकारात (श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत) ‘एकाच तत्त्वाचा’ अशा अर्थाचा ‘होमोऊसिऑस’ हा ग्रीक शब्द घातला गेला. परिषदेचे २० नियम आजही वाचायला मिळतात. पुस्तकांची यादी एकातही नाही. नव्या कराराच्या (बायबलच्या दुसऱ्या भागाच्या) नेमक्या २७ पुस्तकांची यादी सापडते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या ईस्टर पत्रात. येशूचं जीवन सांगणारी चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं तर नायसियाच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वाचली जात होती. मात्र ‘यहूदीथ’ हे पुस्तक नायसियाने शास्त्रात धरल्याचं वाचायला मिळतं, असं बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम लिहितो. त्यामुळे तिथे पुस्तकांचा विषयच निघाला नाही, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.