सात महिने झाले, अजून लीदच उचलतोय

"जॉकी व्हायचंय म्हणून पागेत ठेवला, तर त्याचा मोतद्दारच, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा नोकरच, करून टाकलाय त्यांनी." सल्ल्यासाठी आलेल्या एका वडिलांची ही तक्रार. मुलगा 17 वर्षांचा, शर्यतीच्या घोड्यांच्या पागेत शिकाऊ. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. काळजी मात्र नेहमीचीच: शिकाऊ मुलांच्या घरचे हेच विचारतात, फक्त महिन्यांचा आकडा बदलतो.

मुलगा शेजारी खाली मान घालून बसला होता. त्याला एवढंच म्हटलं, "कालची सकाळ सांग, पागेत पाऊल टाकल्यापासून."

पहाटे साडेचार. आधी गव्हाण बघायची, रात्रीचा दाणा उरलाय का. मग लीद: नेहमीइतकी आहे का, घट्ट आहे की पातळ. मग पुढच्या पायांवरून, गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूने हात फिरवायचा. तिथली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, ताठ आणि गार लागली पाहिजे. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला की लगेच सांगायचं. थर्मामीटर 37.5 ते 38.5 अंशांच्या आत असेल तर ठीक, वर गेला तर त्या दिवशी खोगीर चढत नाही. मग चारही खूर टाचेकडून टोकाकडे कोरायचे, मग खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं.

सांगता सांगता त्याची मान वर आली होती. वडील ऐकत होते.

लीद उचलणं म्हणजे हमाली, असं घरी वाटतं. पण घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात काही अडकलं तर ते वरून बाहेर पडायला वाटच नसते. लीद कमी होणं, दाणा न खाता तसाच टाकणं, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत राहणं ही पोटशूळाची पहिली लक्षणं. ती दिसतात फावडं आणि टोपली घेऊन उभ्या असलेल्या पोराला, डॉक्टर नंतर येतात. तंगाचंही, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटाखालच्या पट्ट्याचंही, तसंच. खोगीर चढताना बरेच घोडे पोट फुगवतात. म्हणून तंग एकदम न आवळता एकेक भोक वाढवायचा, घोडा चार पावलं चालवून पुन्हा तपासायचा. हे राहिलं तर दौडीत खोगीर पोटाखाली फिरतं आणि स्वार घोड्याच्या पायांत जातो. म्हणजे जमिनीवरचं हे काम बसण्याच्याच शिक्षणात मोडतं.

मग काळजी करूच नये का? करावी, पण योग्य गोष्टीची. वडिलांना ट्रेनरकडे विचारायला तीन प्रश्न दिले. यांत्रिक घोड्यावर, म्हणजे बसण्याच्या सरावाच्या यंत्रावर, आठवड्यातून किती वेळा बसवता? पागेत वयस्क, शांत घोडा कुठला, आणि त्याच्यावर चाल आणि दुडकी (हळू धाव) कधी सुरू होईल? बसताना चूक दाखवायला कोण उभं असतं? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर मात्र पागा बदलायचा विचार करावा. न बघता बसवणं हे न बसवण्यापेक्षा वाईट.

खरी गोष्ट बाहेर आली ती वडील फोन घ्यायला उठले तेव्हा. मुलगा रात्री जेवत नव्हता. वर्षभरात 3 सेंटिमीटर उंची वाढलेली, वजन 54 किलो, आणि कोणीतरी सांगितलेलं की 50 च्या खाली असशील तरच घोडा मिळेल.

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक. शिकाऊ स्वाराला वजनात सूट मिळते, म्हणजे त्याचा घोडा कमी भार घेऊन पळतो. साहजिकच हलका पोरगा सगळ्यांना हवा असतो. पण उपाशी राहून, पाणी तोडून उतरतं ते बहुतेक पाणीच. 54 किलोच्या अंगातलं जेमतेम 1 किलो पाणी गेलं की हात आणि डोळे मंदावतात, आणि खाली साधारण 500 किलोचं जनावर धावत असतं. वाढत्या हाडांचं नुकसान तर वेगळंच.

ठरलं ते असं: रात्रीचं जेवण चुकवायचं नाही. वजन रोज न करता आठवड्यातून एकदा, सकाळी. उंची अजून किती वाढेल, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यायचं. आणि पडल्यावर डोक्याला मार लागला तर लपवायचं नाही, हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं. उंची हाताबाहेर गेलीच तर सकाळच्या सरावाचा स्वार, नालबंद, ट्रेनरचा सहायक या वाटा आहेत. हे त्याला आत्ताच माहीत असलेलं बरं.

सहा आठवड्यांनी दोघं पुन्हा आले. प्रश्न विचारल्यावर ट्रेनर आधी तडकला होता, मग यांत्रिक घोड्यावर आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं सुरू झालं. म्हाताऱ्या घोड्यावर दुडकी चालू आहे, त्यात पाठ अजून उडते. वजन 54 वरच आहे, उंची वाढतेय. लीद अजून तोच उचलतो.