विमान मागे ढकलताना कोण कोणाशी बोलते?

प्रश्न : मुंबई विमानतळावर विमान मागे ढकलले जात असताना हेडसेट लावून खाली चालणारा कर्मचारी वैमानिकाशी काय बोलतो?

उत्तर : नियंत्रण कक्षाची परवानगी वैमानिक घेतो आणि ती पुढच्या चाकाजवळ जोडलेल्या वायरीतून खाली कळवतो. पार्किंग ब्रेक सोडल्याचे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय विमान ढकलणारा ट्रॅक्टर हलवायचा नसतो. ढकलून झाल्यावर ब्रेक लावण्याची सूचना खालून वर जाते. माझ्या मते सर्वांत मोलाचा क्षण शेवटचा आहे : वायर काढल्यावर कर्मचारी बाजूला उभा राहून, ढकलताना पुढच्या चाकाचे स्टिअरिंग बंद ठेवणारी, लाल फीत लावलेली पिन उंच धरून दाखवतो आणि वैमानिक हाताने त्याची पोच देतो. पिन तशीच आत राहिली, तर वैमानिकाला पुढचे चाक वळवता येत नाही.