टाकी भरतच नाही? मग विहीर तपासा

प्रश्न (राजापूर): आमची सेप्टिक टाकी बांधून 22 वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही. विहिरीचं पाणीही गोड आहे. तरी शेजारी म्हणतात, दाखवून घ्या. गरज आहे का?

आहे, आणि लवकर. पाच-सहा माणसांच्या घरची टाकी साधारण दोन-तीन वर्षांनी उपसायला येते. मैला कुजून कमी होतो, पण तळाशी गाळ साठतोच. 22 वर्षांत टाकी भरली नाही म्हणजे बहुधा तिला तळच घातलेला नाही, किंवा तो फुटलाय. आपल्याकडे जांभ्यात खड्डा खणायचा, कडेने चिरे रचायचे, वर स्लॅब टाकायची आणि त्यालाच सेप्टिक टाकी म्हणायचं, असं सर्रास चालतं. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात. मातीच्या जाड थरातून पाणी गाळून जातं, तसं इथे होत नाही. आषाढात जमिनीतलं पाणी वर चढलं की खड्ड्यातली घाण थेट त्यात मिसळते. पाणी गोड लागतं यावर विसंबू नका, जंतू चवीला लागत नाहीत.

उन्हाळ्यात टाकी उपसून घ्या, बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत साधं पाणी भरा, खूण करा आणि एक दिवस संडास वापरू नका. पातळी उतरली तर टाकी गळतेय.

प्रश्न (देवगड): नवीन घर बांधतोय. शोषखड्डा (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जिरवायचा खड्डा) विहिरीपासून किती लांब हवा?

भारतीय मानकानुसार किमान 18 मीटर, म्हणजे साठेक फूट. जांभ्यात मी तेवढ्यावर समाधान मानत नाही. जागा असेल तर आणखी लांब घ्या आणि उताराला विहिरीच्या खालच्या अंगाला. मोजताना शेजाऱ्याची विहीरही धरा.

प्रश्न (चिपळूण): विहिरीत नियमित टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, पाणी उकळतो. तेवढं पुरे ना?

जंतूंपुरतं, तेही गळती थांबेपर्यंतची सोय म्हणून. मैल्यातून येणारं नायट्रेट टीसीएलने जात नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि उरलेल्यात नायट्रेटचं प्रमाण वाढतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाचं दूध कालवू नका, त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, पाऊस लागल्यावर एकदा तरी.

प्रश्न (कणकवली): टाकीत गूळ-यीस्ट किंवा ॲसिड टाकावं का?

गूळ-यीस्टची गरज नाही. ॲसिडने मैला कुजवणारे जिवाणू मरतात, म्हणून ते नकोच.

प्रश्न (लांजा): टाकी उपसायची गाडी महाग पडते. ओळखीचा गडी उतरून साफ करायला तयार आहे.

कृपा करून उतरवू नका. 2013 च्या कायद्याने ते गुन्हा आहे आणि टाकीतला वायू काही क्षणांत माणूस पाडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. गाडीचा खर्च जड वाटत असेल तर वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी बोलवा आणि दर ठरवून घ्या. गाळ कुठे रिकामा करणार हेही आधीच विचारा. उत्तर ‘वहाळात’ असं आलं तर दुसरी गाडी बघा, त्याच वहाळाचं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत झिरपतं.