पत्र्याच्या आधी शाकारणी: गावच्या घरासाठी बचत योजना मोडावी का?

आपले सविस्तर पत्र मिळाले. त्यातला मुद्दा थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. आपण ६२ वर्षांच्या आहात, ठाण्यात राहता आणि गुहागर तालुक्यातले सासरचे कौलारू घर आपणच सांभाळता. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात कौले हलली, ती आपण बसवून घेतली आणि त्याच वर्षी माजघराला वाशांखालून पीव्हीसीचे सीलिंग मारले. गेली दोन-तीन वर्षे माळ्यावर कुबट वास येतो, फळ्यांवर काळे डाग पडले आहेत आणि दोन ठिकाणी वाशांतून भुसा गळतो. एका ठेकेदाराने कौलांवरून लोखंडी सांगाडा उभारून पत्रे टाकण्याचे ५,४०,००० रुपये सांगितले आहेत, तर गावच्या सुताराने शाकारणी (कौले उतरवून पुन्हा नीट लावणे) आणि बारा वासे बदलण्याचे ८५,०००. चौदा महिन्यांपूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेले १५ लाख मोडावेत, नोव्हेंबरमध्ये पिकणारी ६ लाखांची मुदत ठेव आत्ता मोडावी, की घरदुरुस्तीचे कर्ज काढावे, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत आधी सांगतो. या एप्रिलमध्ये यातले काहीही मोडू नये, सुताराचे काम मेअखेर पुरे करून घ्यावे आणि पत्र्याचा विचार नोव्हेंबरपर्यंत लांबणीवर टाकावा. पैशांचा हिशेब तर तसे सांगतोच, पण त्याहून मोठे कारण असे की माळ्यावरचे पाणी नेमके कुठून येते, हे अजून कोणी तपासलेलेच नाही.

आपल्याच पत्रातला क्रम पाहा. सीलिंग बसण्यापूर्वी कित्येक वर्षे माळा कोरडा होता. मंगलोरी कौल खाचेत खाच बसवून पाणी अडवते, पण हवा अडवत नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडत असूनही जुनी लाकडे टिकली, ती ओली झाली नाहीत म्हणून नव्हे, तर ओली झाल्यावर पुन्हा वाळत राहिली म्हणून. त्यात घरात चूल होती. तिची ऊब आणि धूर रोज माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर पडे, वासे काळे पण कोरडे राहत आणि वाळवीलाही ते मानवत नसे. आता चूल नाही, घर वर्षातले नऊ महिने बंद असते आणि खालून सीलिंगने वाट अडवली आहे. हललेल्या कौलांतून थोडे पाणी झिरपत असेल, तर ते वाळायला जागाच उरलेली नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर सहसा बुरशी त्याला कुजवत नाही; त्याच्या बराच वर गेला आणि तसाच टिकला की कुजणे सुरू होते.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी मी हे स्वतःच्या हाताने अनुभवले आहे. माळ्यावरच्या पेट्या आणि जुन्या टोपल्या बाजूला करून वळचणीशी टेकलेल्या एका वाशात पेचकस टोचला, तर तो दोन बोटे आत गेला. त्याच वाशात हातभर वर टोचला, तर टोकसुद्धा रुतले नाही. बाहेरून दोन्ही ठिकाणी रंग सारखाच होता. त्या दिवशी आम्ही अख्खे छप्पर बदलायला निघालो होतो, प्रत्यक्षात वळचणीकडची नऊ टोके जोडून काम भागले. आपल्या सुतारालाही प्रत्येक वासा असाच टोचून पाहायला सांगा आणि ती तपासणी आपल्यासमोर होऊ द्या. बाराऐवजी आठ निघतील किंवा वीसही निघतील, पण आकडा अंदाजाचा राहणार नाही.

पत्रा टाकला तर हा त्रास आपोआप जाईल, असे ठेकेदाराने सांगितले असेल, तर ते अर्धे खरे आहे. वरून येणारे पाणी थांबेल. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो आणि पहाटे त्याच्या खालच्या अंगाला दव धरते. खाली कौले, त्याखाली सीलिंग, मध्ये कोंडलेली हवा, अशा रचनेत ते थेंब कुठे जाणार? पत्र्याखाली मोकळी जागा आणि दोन्ही टोकांना हवा खेळायला उघडी तोंडे ठेवली, तरच तो उपाय चालतो, आणि आपण पाठवलेल्या दरपत्रकात या दोन्ही गोष्टींचा उल्लेख नाही. शिवाय किनाऱ्याजवळ सांगाड्याला गंज लागतो, त्याच्या रंगकामाचा खर्च दर काही वर्षांनी येत राहतो.

पत्र्याच्या बाजूनेही बोलायला हवे. वानरांनी दर आठवड्याला कौले फोडण्याचा त्रास असेल, किंवा शाकारणीला माणसेच मिळत नसतील, तर पत्रा हा शहाणपणाचा खर्च ठरतो. कोकणातल्या अनेकांनी नाइलाजाने तोच मार्ग धरला आहे आणि त्यांना मी नावे ठेवणार नाही. आपल्या पत्रात वानरांचा उल्लेख नाही आणि सुतार उपलब्ध आहे, म्हणून माझा सल्ला वेगळा आहे.

आता पैशांकडे येतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून हवी तेवढीच रक्कम काढता येत नाही, खाते पूर्ण बंद करावे लागते. एक वर्ष पुरे झाले पण दोन झाली नाहीत, म्हणून १.५ टक्के, म्हणजे २२,५०० रुपये कापले जातील. आज ८.२ टक्क्यांनी आपल्याला दर तिमाहीला ३०,७५० रुपये, म्हणजे महिन्याला १०,२५० मिळतात. पत्र्याचे ५,४०,००० आणि ही कपात वजा जाता ९,३७,५०० उरतील. ते त्याच दराने पुन्हा गुंतवले तरी महिन्याला सुमारे ६,४०० मिळतील. कुटुंब निवृत्तिवेतनाचे १९,००० धरून आपला २८,००० चा महिना आज जेमतेम बसतो. त्यातून दरमहा ३,८०० रुपये कमी झाले, तर ते औषधांतून किंवा बचत खात्यातल्या ९०,००० मधून जातील. ते नव्वद हजार आजारपणासाठी आहेत. छपरासाठी त्यांना हात लावू नये.

मुदत ठेवीचे गणित सौम्य आहे. ठरलेल्या ७ टक्क्यांऐवजी, ठेव मोडल्यावर आजवर झालेल्या सतरा महिन्यांसाठी ६.७५ टक्के दर धरला जाईल आणि त्यातून एक टक्का दंड गेला, तर सुमारे साडेदहा हजार रुपये व्याज गमवावे लागेल. त्याऐवजी त्याच ठेवीवर एक लाखाचे कर्ज घ्यावे. ठेवीच्या दरापेक्षा दीड टक्का जास्त, म्हणजे ८.५ टक्क्यांनी सात महिन्यांचे व्याज पाच हजारांच्या आसपास होते आणि नोव्हेंबरमध्ये ठेव पिकली की ते फिटते. बँकेचे नेमके दर विचारून घ्या, पण फरकाची दिशा बदलणार नाही. लाखातले ८५,००० सुताराला आणि उरलेले १५,००० सीलिंगच्या दोन पट्ट्या काढून तिथे जाळी बसवायला व वाळवीच्या औषधाला पुरावेत.

घरदुरुस्तीचे कर्ज मात्र आपल्याला सोयीचे नाही. घर सामाईक असल्याने तारण देताना सर्व हिस्सेदारांच्या सह्या लागतील. करसवलत म्हणावी, तर स्वतः राहण्याच्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरील व्याजाला जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांची मर्यादा आहे, नव्या प्रणालीत तेवढीही सवलत नाही, आणि मुद्दलाला कुठेच नाही.

पावसाळ्यात एकदा जुलैमध्ये आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास माळ्यावर जाऊन डागांभोवती खडूने रेघ मारून ठेवा. डाग रेघेबाहेर गेला, तर कौल गळते आहे; वाशांवर सगळीकडे सारखाच ओलसरपणा असेल आणि वर कौल शाबूत असेल, तर कोंडलेल्या हवेचा दोष आहे आणि आणखी सीलिंग काढावे लागेल. पुढच्या शाकारणीसाठी दर तिमाहीच्या व्याजातून ३,००० रुपये बाजूला काढत जावे. भारत गृह रक्षा ही घराच्या विम्याची पॉलिसीही घ्यावी. तिच्यात वादळाचे नुकसान भरून मिळते, हळूहळू झिरपून कुजलेले लाकूड मिळत नाही, म्हणून दुरुस्तीनंतरचे फोटो आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

एका गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, आपल्या सासऱ्यांसोबत त्यांच्या भावाचेही नाव आहे आणि पुण्याचे चुलत दीर “तुम्ही करून घ्या, नंतर बघू” म्हणतात. सामाईक घरावर एकाने खर्च केला म्हणून त्याचा हिस्सा वाढत नाही. वाटपाच्या वेळी तो हिशेबात धरण्याची मागणी करता येते, पण तिला कागदाचा आधार लागतो. त्यांना दोन्ही दरपत्रके पाठवा, खर्चाला संमती आणि त्यांचा वाटा किती, हे लेखी मागा, आणि त्यांचे पैसे बँकेतून येऊ द्या. ८५,००० चे काम पावसामुळे थांबवता येणार नाही, ते आपण करा. पण नोव्हेंबरमध्ये पत्र्याचा विषय पुन्हा निघाला आणि तोवर त्यांच्या सहीचा कागद आला नसेल, तर पिकलेली ठेव आपल्याच नावाने पुन्हा ठेवावी.